अपमानाची जखम दाखवावी कुणाला?

चाकणच्या औद्योगिक वसाहतीत नव्याने रुजू झालेल्या तरुणाची पहिली सुट्टी बहुधा खोली शोधण्यात जाते. भाडे ठरते, अनामत रक्कम ठरते आणि मग घरमालक सहज विचारल्यासारखे विचारतो, ‘आडनाव काय म्हणालात?’ उत्तर मिळाल्यावर ‘मूळचे कुठले?’ असे आणखी एक-दोन प्रश्न होतात. दुसऱ्या दिवशी निरोप येतो, की खोली नात्यातल्याच कुणाला तरी द्यायचे ठरले आहे. कुणी अपशब्द बोललेले नसते, कुणी हात उगारलेला नसतो. पोलिसांत जाऊन सांगावे असे काही घडलेलेच नसते. तरीही त्या रात्री झोप येत नाही आणि पुढे कामावर कुणी साधे नाव विचारले, तरी छातीत धडधडते.

हा अनुभव नवा नाही. १९१७ मध्ये परदेशातील उच्च शिक्षण घेऊन बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना राहायला जागा मिळेना. एका पारशी पथिकाश्रमात त्यांनी पारशी नाव घेऊन मुक्काम केला. काही दिवसांतच काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. दोन परिचितांच्या घरीही आसरा मिळाला नाही आणि मुंबईची गाडी येईपर्यंतचा वेळ त्यांनी एका बागेत बसून काढला. या प्रसंगाविषयी त्यांनी पुढे लिहिले, तेव्हा त्याला अठरा वर्षे उलटली होती. ते दृश्य अजून पुसट झालेले नाही आणि ते आठवले की डोळ्यांत पाणी येतेच, अशी कबुली त्यांनी त्या लेखनात दिली आहे. एवढ्या कणखर मनाच्या माणसाची ही अवस्था होत असेल, तर ‘एवढे काय मनाला लावून घ्यायचे?’ हा प्रश्न किती निरर्थक आहे, हे वेगळे सांगायला नको.

भेदभावाचे घाव मनावर उरतात आणि त्यांवर मदत मिळू शकते. मात्र ती मदत देणारी व्यक्ती नीट निवडावी लागते. चुकीच्या ठिकाणी मन मोकळे केले, तर जुनीच जखम नव्याने उघडी पडण्याचा धोका असतो. पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण या पट्ट्यातील वाचकांच्या दृष्टीने ही निवड कशी करावी, याचा हा विचार.

गाव सुटले, प्रश्न सुटले नाहीत

१९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना उभा राहिला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला, येथून जवळच असलेल्या देहूरोड येथे बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. साठच्या दशकात टेल्को, बजाज यांसारखे मोठे कारखाने आले, १९८२ मध्ये महापालिका झाली आणि पुढे चाकणचा विस्तार झाला. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आणि नंतर बिहार, उत्तर प्रदेशातून माणसे येत राहिली. त्यांतील कित्येकांसाठी कारखान्याचे फाटक हे गावातील जातीच्या उतरंडीतून सुटण्याचे दार होते. अनेकांना ती सुटका खरोखरच मिळाली, हेही नाकारता येणार नाही.

परंतु उतरंडीची रूपे बदलली. कायम कामगार आणि ‘ठेकेदाराचा माणूस’ यांचे गणवेश वेगळे, काही ठिकाणी जेवणाची व्यवस्थाही वेगळी. परप्रांतीयाला त्याच्या नावाऐवजी प्रांताच्या नावाने हाक मारायची, लाइनवर काम करणाऱ्या मुलीच्या बढतीचा संबंध तिच्या कामाऐवजी भलत्याच गोष्टींशी जोडायचा, मुस्लिम अभियंत्याला सोसायटीत सदनिका भाड्याने देताना ‘समितीची हरकत आहे’ असे सांगायचे, ही त्याचीच उदाहरणे. हे सारे मनाचे खेळ आहेत असे कुणी म्हणत असेल, तर त्याने सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाकडे पाहावे. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी समान पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक होता तो फक्त अर्जदाराच्या नावात. दलित आणि मुस्लिम वाटणाऱ्या नावांना मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता कमी असल्याचे त्यातून दिसले.

हा आजार नव्हे, पण त्रास खरा

भेदभाव सहन करणारा माणूस आजारी नसतो. आजारी असते ती वागणूक. मात्र त्या वागणुकीचा परिणाम त्याच्या शरीर-मनावर होतो. अमेरिकन संशोधक इलन मेयर यांनी समलिंगी व्यक्तींच्या संदर्भात २००३ मध्ये मांडलेली उपपत्ती येथे उपयोगी पडते. त्यांच्या मते ताण केवळ प्रत्यक्ष अपमानामुळे येत नाही. अपमान पुन्हा होईल या धास्तीने सतत सावध राहणे, आपली ओळख लपवणे आणि समाजाने दिलेला कमीपणा हळूहळू स्वतःच खरा मानू लागणे, या गोष्टीही माणसाला आतून पोखरतात. जात, धर्म, प्रांत, अपंगत्व यांबाबतीतही ही वाट ओळखीची वाटावी अशीच आहे.

झोप उडणे, कामावर जायच्या विचाराने पोटात गोळा येणे, तोच प्रसंग मनात पुनःपुन्हा घोळणे, घरच्यांवर विनाकारण चिडणे, मद्याचे प्रमाण वाढणे, माणसे टाळणे ही त्रास वाढत असल्याची लक्षणे होत. ती दोन-तीन आठवडे टिकली, किंवा कामात आणि नात्यांत अडथळा येऊ लागला, तर मदत घ्यावी. जगणे नकोसे वाटू लागले, तर मात्र एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेली मानस’ या सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. तो विनाशुल्क आहे आणि त्यावर मराठीतही बोलता येते.

कोण काय करतो?

मदतीला निघालेला माणूस पहिल्यांदा अडतो तो पाट्यांपाशी. मनोविकारतज्ज्ञ, अर्थात सायकिअ‍ॅट्रिस्ट, हा वैद्यकीय पदवीधर असतो आणि तो औषधे लिहून देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषधे देत नाही, तो चाचण्या आणि संवादातून उपचार करतो आणि त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. समुपदेशक हा मानसशास्त्र किंवा समाजकार्याचे शिक्षण घेऊन संवादातून आधार देतो. ‘समुपदेशक’ ही पाटी लावण्यासाठी नोंदणीची सक्ती दीर्घकाळ नव्हती. २०२१ च्या आरोग्य व्यावसायिकांसंबंधीच्या कायद्याने हे क्षेत्र नियमनाच्या कक्षेत आणले आहे. तरीही शिक्षण कोठे झाले, कोणत्या वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम केले, हे विचारून घेणे इष्ट. असे विचारण्यात उद्धटपणा नाही.

झोप, भूक आणि कामाची शक्ती पार ढासळली असेल, तर आधी मनोविकारतज्ज्ञाला दाखवावे. प्रसंग मनातून जात नाही, आत्मविश्वास गेला आहे, निर्णय होत नाही अशी स्थिती असेल, तर समुपदेशन ही योग्य सुरुवात होय. दोन्ही एकाच वेळी चालू असले, तरी हरकत नाही.

या पट्ट्यात जावे कोठे?

पिंपरीच्या संत तुकारामनगरात महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे आणि त्याच परिसरात डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. दोन्ही ठिकाणी मनोविकार विभागाचा बाह्यरुग्ण कक्ष चालतो. ज्यांच्या पगारातून कामगार विम्याची कपात होते, त्यांना चिंचवडच्या मोहननगरमधील कामगार विमा रुग्णालयातून सुरुवात करता येते. कंत्राटी कामगारांनी आपली कपात खरोखर जमा होते की नाही, हे त्यानिमित्ताने तपासून पाहावे. औंधचे जिल्हा रुग्णालय, पुण्याचे ससून आणि येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय हे पुढचे टप्पे. येरवडा म्हटले की अनेकजण दचकतात. पण तेथेही बाह्यरुग्ण विभाग आहे आणि दाखवायला गेलेला माणूस दाखल होतोच असे नाही.

येथे एक सोय सहसा लक्षात येत नाही. या भागातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. रविवारी बंद असणारे सरकारी बाह्यरुग्ण विभाग गुरुवारी चालू असतात. त्यामुळे रजा न टाकता, ठेकेदाराला कारण न सांगता जाता येते. पिंपरीहून शिवाजीनगरपर्यंत मेट्रो झाल्याने पुण्यात जाणेही पूर्वीइतके जिकिरीचे राहिलेले नाही. खरी अडचण चाकणकरांची आहे. नाशिक महामार्गावरची कोंडी पार करून दर आठवड्याला शहरात येणे पाळीच्या कामगाराला झेपणारे नाही. त्यांच्यासाठी दूरध्वनीवरील समुपदेशन हा व्यवहार्य मार्ग ठरतो. ‘टेली मानस’खेरीज टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०१२ मध्ये सुरू केलेली ‘आयकॉल’ ही सेवा त्यासाठीच आहे. दहा बाय दहाच्या खोलीत चारजण राहत असतील, तर बोलायला एकांत कोठून आणायचा, हा प्रश्न उरतो. मोकळ्या मैदानात किंवा रिकाम्या देवळाच्या पायरीवर बसून बोलले तरी चालते. आपण कोठून बोलतो आहोत आणि मध्येच का थांबावे लागेल, हे समुपदेशकाला आधी सांगून ठेवावे, म्हणजे झाले.

पुण्यात वस्त्यांमध्ये जाऊन मानसिक आरोग्याचे काम करण्याची परंपराही आहे. भार्गवी दावर यांनी उभ्या केलेल्या ‘बापू ट्रस्ट’ने गरीब वस्त्यांत हे काम केले. माणसाचा त्रास त्याच्या परिस्थितीपासून तोडून पाहायचा नाही, हा त्यामागचा आग्रह होता. दावर यांचे २०२४ मध्ये निधन झाले, पण तो आग्रह आजही तितकाच महत्त्वाचा आहे.

काही मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशक नेमतात. ही सोय चांगली. परंतु त्रासाचे मूळ कंपनीतच असेल, तर पहिल्याच भेटीत विचारावे: आपल्या बोलण्याची नोंद कोण ठेवतो? मनुष्यबळ विभागाला नेमके काय कळवले जाते? उत्तर गुळमुळीत आले, तर बाहेरचा माणूस शोधावा.

पहिल्या भेटीतील कसोटी

समुपदेशक निवडताना पदवीइतकीच दृष्टी महत्त्वाची असते. भेट ठरवण्यापूर्वी दूरध्वनीवरच तीन-चार गोष्टी विचारता येतात. जातीवरून, धर्मावरून किंवा लिंगभावावरून त्रास झालेल्यांसोबत आपण काम केले आहे का? सत्र किती वेळाचे आणि शुल्क किती? ऐपतीनुसार शुल्कात सवलत मिळते का? माझ्या बोलीत बोललो तर चालेल का? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण ज्याच्या बोलीचीच चेष्टा झाली आहे, त्याला शुद्ध पुस्तकी मराठीत आपले दुःख सांगायला लावणे म्हणजे पुन्हा परीक्षेलाच बसवणे.

प्रत्यक्ष भेटीत काही वाक्ये धोक्याची समजावीत. ‘आता शहरात कुठे राहिली आहे जात?’, ‘त्यांचा तसा हेतू नसेल’, ‘तुम्ही जरा जास्तच संवेदनशील आहात’, ‘नोकरी आहे ना, मग सोडून द्या’. यांतील प्रत्येक वाक्य त्रासाची जबाबदारी सोसणाऱ्यावरच ढकलते. उलट, चांगला समुपदेशक आधी पूर्ण ऐकतो, घटनेवर विश्वास ठेवतो, ठाऊक नसलेली गोष्ट नम्रपणे विचारतो आणि आपल्याकडून चूक झाली तर ती मान्य करतो. तो सहानुभूतीवरच थांबत नाही. धडधड सुरू झाल्यावर काय करायचे, वरिष्ठाशी कोणत्या शब्दांत बोलायचे, कोणता लढा आज लढायचा आणि कोणता उद्यावर टाकायचा, यांत तो हात धरून साथ देतो.

दोन-तीन भेटींनंतर आपण मनाशी हिशेब करावा. बाहेर पडताना थोडे हलके वाटते, की आपलेच चुकले असे वाटते? दुसरी भावना वारंवार येत असेल, तर समुपदेशक बदलावा. डॉक्टर बदलण्यात जसा कृतघ्नपणा नसतो, तसाच येथेही नसतो.

आपल्यातलाच हवा का?

समुपदेशक आपल्याच समाजाचा असावा का, असे बरेचजण विचारतात. त्याचा फायदा उघड आहे. आडनावामागचा अर्थ, सवलतीवरून मारलेला टोमणा किंवा ‘तुमच्यासारखे वाटत नाही’ हे कौतुक कसे बोचते, हे त्याला समजावून सांगावे लागत नाही. दलित-बहुजनांसाठी मानसिक आधाराचे काम करणारा ‘द ब्ल्यू डॉन’सारखा गट याच गरजेतून उभा राहिला.

पण याला दुसरी बाजूही आहे. पिंपरीच्या भाटनगरात जानेवारी २०१८ मध्ये, कंजारभाट समाजातील कौमार्य चाचणीच्या प्रथेविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या तरुणांना एका लग्नसमारंभात मारहाण झाली. त्याच वर्षी नवरात्रात, या मोहिमेशी संबंधित एका तरुणीने दांडियाच्या कार्यक्रमात आपल्यावर बहिष्कार घातल्याची तक्रार पोलिसांत केली. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये केलेल्या कायद्याचा आधार त्यासाठी होता. जेथे घाव आपल्याच माणसांनी घातलेला असतो, तेथे ‘आपल्यातला’ समुपदेशक नकोसा वाटू शकतो. आपली गोष्ट नात्यागोत्यात पोचेल ही भीती तेथे रास्त असते. समाज कोणता, यापेक्षा हा माणूस माझ्या बाजूने उभा राहील का आणि ऐकलेले स्वतःजवळ ठेवील का, ही कसोटी अधिक भरवशाची.

समलिंगी आणि तृतीयपंथी व्यक्तींनी तर विशेष सावध असावे. समलिंगी असणे हा आजार नाही, हे भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. लैंगिक कल ‘बदलून देण्याचे’ तथाकथित उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये जाहीर केले. असे आश्वासन देणाऱ्याच्या दारातूनच परत फिरावे. मुंबईतील ‘मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह’ समुपदेशकांना या विषयाचे खास प्रशिक्षण देते. ते घेतले आहे का, असे विचारता येते. पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२ मध्ये तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक आणि ‘ग्रीन मार्शल’ म्हणून काम दिले, तेव्हा त्याचे सर्वत्र कौतुक झाले. नोकरीचे दार उघडल्यावर आत रोज भेटणाऱ्या नजरांना तोंड देण्यासाठीही आधार लागतो, हे मात्र विसरता कामा नये.

कायदा काय म्हणतो?

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. जात, धर्म, वर्ग, लिंग, लैंगिक कल, अपंगत्व यांवरून मानसिक आरोग्यसेवेत भेदभाव करता येत नाही. रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे. जीवाला धोका किंवा न्यायालयाचा आदेश यांसारखे अपवाद मोजकेच आहेत. एखाद्याची सामाजिक स्थिती किंवा समाजाच्या, अगदी कामाच्या ठिकाणच्याही, रूढ मूल्यांशी न जुळणारे वागणे यांवरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही, हे त्याहूनही महत्त्वाचे. तक्रार करणाऱ्याला ‘डोके फिरले आहे’ म्हणून गप्प बसवणाऱ्यांना हे ठाऊक असायला हवे.

समुपदेशन हा न्यायाला पर्याय नव्हे. मन सावरणे आणि दाद मागणे या दोन्ही गोष्टी बरोबरीने चालू शकतात, आणि काही वेळा तशा चालाव्याच लागतात. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाची तक्रार २०१३ च्या कायद्यानुसार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी लागते. सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने मिळू शकतात. मन शांत होईपर्यंत थांबले, तर मुदत निघून जाते. याच कायद्यात भरपाई ठरवताना मानसिक आघात आणि मनोविकार उपचारांचा खर्च विचारात घेण्याची तरतूद आहे. म्हणून केसपेपर आणि पावत्या जपून ठेवाव्यात. घडलेल्या प्रसंगांची तारीख-वारासह टिपणे केली, तर ती समुपदेशकालाही उपयोगी पडतात आणि वकिलालाही.

अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांसाठी १४५६६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. मोफत कायदेशीर मदतीसाठी विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार अनुसूचित जाती-जमातींचे लोक, महिला, अपंग यांच्याबरोबर औद्योगिक कामगारांनाही ही मदत मिळण्याचा हक्क आहे. कारखान्यांच्या या पट्ट्यात तो हक्क फारच थोड्यांना माहीत असतो.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६ मध्ये दाखवून दिले, की मानसिक आजार असलेल्यांपैकी आजाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपर्यंत पोचतच नाहीत. अपमान सोसलेल्या माणसाला तर आणखी एक पायरी चढावी लागते. आपले ऐकून घेतले जाईल, यावर पुन्हा एकदा विश्वास ठेवण्याची ती पायरी असते. ती एकट्याने चढवत नसेल, तर खोलीतल्या सोबत्याने किंवा लाइनवरच्या मित्राने येत्या गुरुवारी त्याच्याबरोबर रुग्णालयापर्यंत जावे आणि बाहेरच्या बाकावर थांबावे. त्याला सल्ला देण्याची गरज नाही. सोबत असणे पुरेसे आहे.